आधी केबल, मग लाकूड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

स्टेजवर वाजवायला घ्यायच्या गिटारांची तुझी यादी वाचली. गिटार पाच, आणि पाचहींच्या पुढे लाकूड अगदी तपशिलात लिहिलंयस: स्प्रूस, महोगनी, सपेली, रोझवूड, पुन्हा स्प्रूस. पिकअपच्या, म्हणजे तारांच्या हालचालीची वीज करणाऱ्या भागाच्या, रकान्यात मात्र पाचही ठिकाणी नुसतं ‘आहे’. घोडं तिथेच पेंड खातंय. स्टेजवर केबल लावली की समोरच्यांच्या कानावर पडतो तो मुख्यतः पिकअपचा आवाज, लाकडाचा वाटा त्यात थोडाच. म्हणून यादी उलटी कर. पिकअप आणि प्रीॲम्प (पिकअपचा अशक्त सिग्नल वाढवणारं सर्किट) पहिले, मग नेक, म्हणजे गिटारची मान, हाताला कशी बसते ते, आणि लाकूड सगळ्यात शेवटी.

बेताच्या किमतीच्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप म्हणजे सॅडलखालच्या (पोटावरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती कांब म्हणजे सॅडल) खाचेत तळाशी झोपवलेली पिएझोची बारीक पट्टी. तार हलली की सॅडलवरचा दाब कमी-जास्त होतो आणि ही पट्टी त्या दाबाची वीज करते. पोटातली हवा आणि साउंडहोलमधून निघणारा घुमारा तिच्यापर्यंत फारसा पोचतच नाही. त्यामुळे तार जोरात छेडली की सुरुवातीलाच प्लॅस्टिकची पट्टी फटकारल्यासारखा कोरडा ‘टक्’ येतो, ज्याला वाजवणारे ‘क्वॅक’ म्हणतात. हा दोष थोडाफार सगळ्याच पिएझोंत असतो. निवडताना बघायचं ते एवढंच, की तो किती आहे आणि सहाही तारांवर सारखा आहे का.

तपासायचं असं. गिटार हातात आली की वाजवत बसू नकोस, केबल लाव. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प नको. त्याचा स्पीकर वरचे सूर कापतो आणि मधले फुगवतो. अकूस्टिक ॲम्प किंवा साधा पीए (सभागृहात लावतात तसा) स्पीकर माग. गिटारवरचे ईक्यूचे (खालचे, मधले, वरचे सूर कमी-जास्त करायचे) सगळे खटके मध्यावर ठेव. मग वाजवायला दुसऱ्या कुणालातरी बसव आणि तू स्पीकरपाशी जाऊन उभा राहा, कारण गिटार स्वतःच्या छातीला टेकलेली असली की लाकडाचा आवाज हाडांतूनही कानात येतो आणि सगळंच गोड वाटतं. सहाही तारा मोकळ्या, एकेक करून, एकाच जोराने छेडायला सांग. बऱ्याच स्वस्त गिटारमध्ये एखादी तार, बहुतेकदा कडेची, दबलेली निघते, किंवा दुसरी तार बाकीच्यांवर ओरडत असते. ईक्यूने हे जात नाही, कारण ईक्यू सगळ्याच तारांना लागू होतो.

एखादी तार दबली म्हणून गिटार लगेच बाद करू नकोस, मात्र कारण शोध. त्या तारेजवळ सॅडलवर अंगठ्याने दाब आणि तार पुन्हा छेड. आवाज वाढला तर पट्टी शाबूत आहे, सॅडल तिच्यावर नीट टेकत नाही इतकंच. सॅडलचा तळ सपाट नसतो, खाचेत लाकडाचा कपचा अडकलेला असतो, किंवा सॅडल खाचेत इतकी घट्ट ठोकलेली असते की तारांचा दाब खालपर्यंत पोचतच नाही. सॅडल बोटांनी थोडी ओढ दिली की निघावी, पण खाचेत डुलू नये. दुरुस्ती सोपी आहे: काचेच्या तुकड्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, सॅडल काटकोनात धरून तळ घासायचा, आणि मध्ये मध्ये उजेडासमोर सरळ पट्टीला लावून फट दिसते का ते बघायचं. कागदाच्या घड्या घालून उंची भरायचा मोह होतो. तो टाळ, त्या घडीने वरचे सूर मरतात आणि महिन्याभरात कागद दबून तोच दोष परत येतो. अंगठा दाबूनही आवाज वाढला नाही तर पट्टीच गेलेली असण्याची शक्यता जास्त. ती गिटार सोड.

पिकअपचे आणखी दोन प्रकार तुला भेटतील. एकात छोट्या चकत्या आतून, ब्रिजच्या खालच्या फळीला चिकटवलेल्या असतात. त्यांचा आवाज पिएझोच्या पट्टीपेक्षा जास्त लाकडी, पण हात लागल्याचा प्रत्येक आवाज त्यांत येतो आणि फीडबॅकही (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारं घोंगावणं) लवकर सुरू होतो. या बहुधा बॅटरीविना चालतात. पुढच्या यंत्राच्या इनपुटचा रोध त्यांना 1 मेगाओहम किंवा त्याहून जास्त लागतो. मिक्सरच्या साधारण 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट लावल्या की खर्ज गायब आणि आवाज डब्यातला. पिएझो विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखा वागतो, आणि पुढे कमी रोध आला की खालचे सूर तिथेच अडतात. दुसरा प्रकार साउंडहोलवर बसणारा चुंबकी पिकअप. फीडबॅकला तो सगळ्यांत शांत, पण सूर थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो आणि नायलॉनच्या तारांवर तो चालतच नाही. ब्राँझच्या तारांत चुंबकाला फक्त आतली पोलादी गाभ्याची तार कळते, म्हणून वेटोळं नसलेल्या पहिल्या दोन तारा मोठ्या वाजतात. पिकअपवरचे स्क्रू वर-खाली होत असतील तर या दोन तारांखालचे थोडे खाली उतरवायचे.

तुझ्या यादीत नसलेला एक रस्ता म्हणजे चांगल्या नेकची साधी अकूस्टिक घ्यायची आणि पिकअप वेगळा बसवायचा. मला तो पटतो, आणि कारण आवाजाचं नाही, भोकाचं आहे. ज्या गिटारच्या बरगडीत, म्हणजे पोटाच्या बाजूच्या फळीत, प्रीॲम्पची चौकट कापून बसवलेली असते, तिची इलेक्ट्रॉनिक्स पाच-सहा वर्षांनी गेली की त्याच मापाची नवी चौकट मिळेलच असं नाही. भोक मात्र कायमचं. साउंडहोलच्या आतल्या काठावर दोन छोट्या चकऱ्या, आवाज आणि टोन, एवढंच असेल तर उद्या दुसरा संच सहज बसतो. पण मग बॅटरी पोटात असते आणि ती बदलताना तारा सैल करून हात आत घालावा लागतो. कार्यक्रमाच्या मध्यंतरात हे जमत नाही, हेही लक्षात ठेव.

बॅटरीचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. अशा गिटारमध्ये जॅकच बटणाचं काम करतो: प्लग आत गेला की प्रीॲम्प सुरू, मग तू वाजव किंवा गिटार स्टँडवर ठेव. केबल तशीच लावून ठेवलीस तर न वाजवताही बॅटरी खर्च होत राहते. 9 व्होल्टची बॅटरी 7च्या आसपास आली की आवाज एकदम बंद पडत नाही; आधी जोराच्या वाजवण्यावर फाटल्यासारखा होतो, आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो. कार्यक्रमाच्या सकाळी मल्टिमीटर लाव. 8च्या खाली असेल तर बदल, आणि अल्कलाइनच घे. काही प्रीॲम्पमध्ये 9 व्होल्टऐवजी पेन्सिल सेल असतात, तेही घेण्याआधी बघ.

प्रीॲम्पवर पाच पट्ट्यांचा ईक्यू आहे म्हणून भुलू नकोस. तुझ्या कामाच्या गोष्टी तीनच: आवाज, फेज बदलायचं (आवाजाची लाट उलटी करायचं) बटण, आणि सुरू केल्यावर आउटपुट बंद करणारा ट्यूनर. चौथी नॉच, म्हणजे एकच अरुंद सूर कापणारी चकरी. असेल तर उत्तम. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तुझी मोकळी पाचवी तार 110 हर्ट्झची. मॉनिटरमधून, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, तेवढाच सूर परत पोटात शिरला की घोंगावणं सुरू. आधी फेजचं बटण दाबून बघ, मग साउंडहोलला रबरी झाकण लाव, मग नॉच फिरव. मिक्सरवर 80 हर्ट्झच्या खालचं सगळं काप. तुझी सहावी, सगळ्यात जाड तार 82ची आहे, तिचं काही जात नाही. तरीही घोंगावलं तर मॉनिटर हलव, ईक्यूचा खर्ज वाढवून ‘भरदार’ करायला जाऊ नकोस. क्वॅक मऊ करायलाही कापायचंच असतं: 1 ते 3 किलोहर्ट्झच्या मधे थोडं कमी कर, आणि गढूळ वाटलं तर 200 ते 300 हर्ट्झपाशी.

म्हणूनच स्टेजसाठी पातळ पोट वाईट नाही. यामाहाने एपीएक्स मालिका 1987मध्ये काढली ती स्टेजसाठीच. तिचं पोट उथळ असतं आणि खोलीत केबलविना वाजवली तर आवाज बेताचा वाटतो. ओव्हेशनच्या गोल पाठीच्या गिटारीही याच जातीच्या, फक्त बसून वाजवताना मांडीवरून घसरतात. प्लायचा वरचा पत्रा, ज्याला लोक नाकं मुरडतात, तोही इथे उपयोगी पडतो: तो कमी थरथरतो, म्हणून फीडबॅक उशिरा, आणि हवेतल्या ओलाव्याने सहज फुगत किंवा तडकत नाही. अखंड स्प्रूस घेतलीस तर खोलीत आवाज नक्कीच छान, पण तिला 45 ते 55 टक्के आर्द्रता सांभाळावी लागेल. तुझं नव्वद टक्के वाजवणं केबलवर असेल तर हा जाच कशाला?

आता नेक. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहावी तार दाबून धर. सातव्या फ्रेटवर तारेखाली 0.2 ते 0.25 मिलिमीटर फट दिसली पाहिजे, म्हणजे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची 2.4 ते 2.8 आणि पहिलीची 1.8 ते 2 मिलिमीटर चालेल. जास्त असेल तर सॅडल खाली घेता येते का ते बघ: बाराव्या फ्रेटवर 1 मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलमधून 2 जातात, आणि घासल्यावर ब्रिजच्या वर निदान 3 मिलिमीटर सॅडल उरायला हवी. उरत नसेल तर नेकचा कोन गेलाय, आणि त्याची दुरुस्ती गिटारच्या किमतीइतकी जाते. ट्रस रॉडने (नेकच्या आतली धातूची सळई) उंची कमी करतो असं कुणी म्हटलं तर हात जोड. रॉड फक्त नेकचा बाक बदलतो. तोही एका वेळी पाव फेरा, जास्त नाही.

नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची, रुंदी 43 मिलिमीटर असेल तर कॉर्ड सोपे, बोटांनी छेडायचं असेल तर 44.5 बरी. तारा 12-53 घे (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). 11-52 हाताला हलक्या, पण दाब कमी असल्याने काही पिकअपांवर आवाज पातळ लागतो.

तू उभा राहून वाजवणार, तर नेकच्या टाचेवर पट्ट्याचं दुसरं बटण आहे का बघ. खालचं बटण म्हणजेच जॅक असेल तर ते साधारण 12 मिलिमीटर जाड असतं आणि पट्ट्याचं भोक अर्धवट चढतं; जरा हललं की गिटार पायावर. भोक रुंद कर किंवा लॉकचं बटण लाव. त्याच जॅकचं नट वाजवता वाजवता सैल होतं. बाहेरून पकडीने नुसतं आवळू नकोस, आतला जॅक फिरतो, वायर पिळवटते आणि तुटते. एका हाताने आत जॅक धरायचा, मगच नट आवळायचं. घेताना प्लग लावून केबल हलवून बघ. खरखर आली तर हाच दोष.

पैशांबद्दल माझं मत असं: दहा भाग धरलेस तर सात गिटारला, एक सेटअपला (तारांची उंची वगैरे नीट लावून घ्यायला), दोन डीआय (गिटार मिक्सरला जोडणारा डबा) आणि केबलला. प्रीॲम्पच्या गिटारला पॅसिव्ह डीआय पुरतो. बिनबॅटरीच्या पिकअपला ॲक्टिव्हच लागतो, ज्याला मिक्सरकडून 48 व्होल्ट मिळतात. गिटारपासून डीआयपर्यंतची केबल 6 मीटरच्या आत ठेव. घूं आवाज आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाब. गिटारच्या प्लगला हात घालू नकोस.

यादीतल्या पाचांपैकी तिसरी आणि चौथी मी आत्ताच खोडली, कारण दोन्हींत बरगडीत मोठी चौकट आहे. उरलेल्या तिन्हींचं रेकॉर्डिंग पाठव: केबल थेट, ईक्यू मध्यावर, सहा मोकळ्या तारा एकेक करून, मग एक जोराचा जी कॉर्ड. सोबत बाराव्या फ्रेटवरची उंची आणि सॅडल ब्रिजच्या वर किती आहे ते लिही.

तुझा,
मिलिंद

ता. क. जुनी मिळत असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघ. कागद आत गेला तर ब्रिज सुटायला लागलाय.