खाडीकाठच्या पायी सफरीबाबत तक्रार आणि शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, वारसा सफरी विभाग

विषय: चेंदणी कोळीवाडा ते ठाणे किल्ला ही पायी सफर, तिची चुकीची वेळ, चुकीची माहिती आणि कच्च्या कालवांचा (ऑयस्टरचा) ‘आस्वाद’

महोदय,

शुद्ध चतुर्दशीच्या रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबाराच्या सफरीसाठी आम्ही सहा जणांनी माणशी 900 रुपये भरले. जाहिरातीत ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांवरची कालवं दाखवण्याचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात पाणी काठाला टेकलेलं होतं. वाटाड्याने ‘आज नशीब नाही’ म्हणून वेळ मारून नेली.

इथे नशिबाचा संबंध नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशोब कोळीवाड्यात कुणीही सांगेल. चतुर्दशीला 14 गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. खाडीत आत पाणी बंदरापेक्षा थोडं उशिराच वळतं, म्हणजे तुमची सफर बरोब्बर भरतीवर बसली, तीही उधाणाच्या. त्याच दिवशी दुपारी चार-पाचला आलो असतो तर खडक दिसले असते.

‘दर रविवारी साडेनऊ’ ही वेळच मुळात चालणारी नाही. आपल्या किनाऱ्यावर पुनवेला-अवसेला पाणी सगळ्यात जास्त ओसरतं, पण ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. दुपारी बाराच्या आसपास भरतीच असते. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउतार असतो, पाणी पुरेसं उतरत नाही आणि खालचे खडक बुडालेलेच राहतात. सकाळी न्यायचंच असेल तर द्वितीया ते चतुर्थी बरी, ओहोटी साधारण पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ओहोटीच्या दीड तास आधी निघावं आणि पाणी वळताच माघारी फिरावं. वेळापत्रक पंचांग पाहून छापा, एवढंच.

पादत्राणांबद्दल ‘चप्पल चालेल’ असं कळवलं होतं. चिखलात चप्पल रुतून निघते आणि कालवांच्या शिंपल्यांची धार पाय कापते. खाडीच्या पाण्यात झालेली अशी जखम चिघळायला वेळ लागत नाही. नाडीचे बंद बूट, सोबत स्वच्छ पाणी आणि मलमपट्टी लागते. यातलं काहीच तुमच्या माणसाकडे नव्हतं.

आता माहितीचं. टोपलीतल्या ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्या दाखवून त्याने ‘ही कालवं’ म्हटलं. कालवाची खालची शिंपली खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली असते. वरचं झाकण उडवून मांस काढतात आणि खालची शिंपली बहुधा खडकावरच राहते. तिसऱ्या चिखल-वाळूत पुरलेल्या असतात, म्हणून त्या आख्ख्या मिळतात आणि रेती सोडायला मिठाच्या पाण्यात ठेवाव्या लागतात. खाडीपलीकडच्या कळव्याचं ‘कळवा’ हे नाव कालवांवरून पडलं, हेही त्याने ठोकून दिलं. आधार विचारला तर हसला.

किल्ला ‘आतून पाहू’ असं जाहिरातीत आहे. तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, सहज आत जाता येत नाही, हे ठाण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मराठ्यांनी ठाणं पोर्तुगिजांकडून 1737 साली घेतलं. वाटाड्याने 1739 सांगितलं, ते वसईचं साल. इंग्रजांनी डिसेंबर 1774 मध्ये किल्ला घेतला, त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन जिवाला मुकला. सागरी इतिहासाच्या सफरीत याचा उल्लेखही नसावा? मार्को पोलोच्या वर्णनात ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार आहे: लुटीतले घोडे राजाला, बाकीचा माल चाच्यांना. बंदराबद्दल यापेक्षा रंगतदार गोष्ट कुठली मिळणार! त्याऐवजी आम्हाला पहिल्या आगगाडीवर पाऊण तास ऐकवलं आणि खाडीवरचा पूल 1853 चा ठरवला. त्या साली गाडी ठाण्यापर्यंतच आली. खाडी ओलांडून कल्याणला ती 1854 मध्ये गेली.

सगळ्यात गंभीर बाब शेवटच्या थांब्यावरची. खाडीतलीच म्हणून कच्ची कालवं लिंबू पिळून वाटली. कालव पाणी गाळून खातं, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि कारखान्यांचे जड धातू त्याच्या अंगात साठतात. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवून जंतू बरेच कमी करता येतात, धातू मात्र तसे जात नाहीत. लिंबाने दोन्हींपैकी काहीच होत नाही. आम्ही खाल्ली नाहीत, पण इतर मंडळींत दोन लहान मुलं होती.

मागण्या अशा: सहा जणांचे 5,400 रुपये 15 दिवसांत परत करावेत, कच्च्या कालवांचं वाटप आजच थांबवावं आणि त्या दिवशी ज्यांनी खाल्ली त्यांना तसं कळवावं, किल्ल्याच्या आत नेण्याचा दावा जाहिरातीतून काढावा. पावतीची प्रत, जाहिरातीचं चित्र आणि त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत जोडलं आहे. मुदतीत उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
सफरीतील सहा ग्राहक, ठाणे