'कोण बघायला येतंय?' असं मीच म्हणालो होतो

मा. संपादक,

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "गांजाच्या प्रश्नाला सरळ 'नाही' लिहायला सांग पोराला. कोण बघायला येतंय?" माझा घास हातातच राहिला. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठीचा एक सरकारी फॉर्म भरताना मी माझ्या मुलाला हेच सांगितलं होतं. त्याची परवानगी घेऊन हे पत्र लिहितो आहे.

मुलगा इथेच जन्मला, अमेरिकी नागरिक आहे. सायबर सुरक्षेची पदवी घेऊन संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या एका कंपनीत त्याची निवड झाली, पण नोकरी सिक्युरिटी क्लिअरन्सवर, म्हणजे गोपनीय कामासाठी सरकार चौकशी करून देतं त्या परवानगीवर, अवलंबून होती. त्यासाठी एसएफ-८६ हा शंभराहून अधिक पानांचा फॉर्म भरावा लागतो. गेल्या ७ वर्षांत अमली पदार्थ घेतले का, असा त्यात थेट प्रश्न असतो. कॉलेजात असताना मित्रांबरोबर त्याने काही वेळा गांजा ओढला होता आणि फॉर्म भरण्याच्या दीड वर्ष आधी सोडलाही होता. तो खरं लिहायला बसला होता, मी अडवलं. चारचौघांत नाव जाईल, उद्या लग्न ठरवताना निघेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नियम एकही माहीत नव्हता.

नियम मी नंतर वाचले. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायला जून २०१७ पासून लागू असलेले १३ निकष आहेत. अमली पदार्थ हा त्यातला एक, आणि वागण्यातला खरेपणा हा वेगळा. गांजा किती वेळा घेतला, किती जुनी गोष्ट, ती संगत सुटली का, पुन्हा घेणार नाही असं लेखी देता का, हे सगळं पाहून निर्णय होतो. पूर्वी गांजा ओढला एवढ्यावरून कुणाला बाद करू नये, असं राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या खात्यांना कळवलंही होतं. आज ओढणाऱ्याला मात्र क्लिअरन्स नाही. मेरीलँडने १ जुलै २०२३ पासून प्रौढांना मोकळीक दिली, दुकानात गांजा मिळतो, म्हणून मुलांना वाटतं आता चालतं. केंद्राच्या कायद्याला ते चालत नाही.

मुलाने पत्त्याच्या खात्रीसाठी ज्या रूममेटचं नाव दिलं होतं, त्याला क्लिअरन्सच्या चौकशीसाठी तपासनीस भेटला. रूममेटने विचारल्यावर गांजाचं सांगून टाकलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. मग मुलाला समोर बसवून विचारलं गेलं. काही महिन्यांनी आक्षेपांचं लेखी पत्र आलं. त्याने उत्तर दिलं, गांजाचा आक्षेप मिटला. खोट्या उत्तराचा मिटला नाही आणि क्लिअरन्स नाकारला गेला. त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे, हेही मला तेव्हाच कळलं. खटला झाला नाही, पण त्या महिन्यांत आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती.

नियमात सवलत आहे. पुरावा समोर ठेवला जाण्याआधी आपणहून चूक दुरुस्त केली, किंवा वकिलाने अथवा या प्रक्रियेची अधिकृत जबाबदारी असलेल्या माणसाने चुकीचा सल्ला दिला, तर ते विचारात घेतात. बापाचा सल्ला त्यात बसत नाही.

तुमचे कितीतरी वाचक पुण्या-नाशकातून व्हिडिओ कॉलवर इथल्या मुला-नातवंडांना सल्ले देतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, या फॉर्मबाबत काही सांगू नका. मुलांना या विषयातल्या वकिलाकडे पाठवा. इथल्या मंडळांनीही वर्षातून एकदा असा वकील बोलवावा.

मुलगा सध्या क्लिअरन्स न लागणारी नोकरी करतो. पुन्हा संधी आली तर फॉर्म एकटा भरणार आहे. पूर्वी कधी क्लिअरन्स नाकारला होता का, असाही प्रश्न त्यात असतो. त्याला तो 'हो' लिहिणार आहे, आणि का नाकारला तेही.

एक वडील, मेरीलँड, अमेरिका
(नाव छापू नये ही विनंती)