सतराचा पाढा घेऊन जाय गे मारबत

नागपूर,
तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

परवा तू फोनवर म्हणालास, चिऊ हल्ली काही सांगतच नाही, विचारलं की "काही नाही" म्हणते. मी तुला वरवरचा धीर दिला. खरं सांगायचं तर त्यात माझाच गाढवपणा सांगावा लागला असता, म्हणून हे पत्र.

शाळा उघडल्यापासून दर मंगळवारी सकाळी आमच्या ओमचं पोट दुखायचं. दोन मंगळवार सोडले, तिसऱ्याला मी ओरडलो, "नाटकं पुरे झाली!" मग बायकोने डॉक्टरांकडे नेलं. ताप नाही, वजन ठीक, रात्री दुखून जाग येत नाही. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "रविवारी दुखतं का रे?" आणि मला म्हणाले, "दुखणं खरं आहे, कारण पोटात नाही."

कारण सापडलं ते मारबतीच्या दिवशी. इतवारीतली गर्दी तुला माहीतच आहे. काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीत दिसले की जो तो आपली पीडा त्यांच्या गळ्यात बांधतो, कोणी महागाई, कोणी रोगराई. ओम स्कूटरच्या पायदानावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, "सतराचा पाढा घेऊन जाय गे मारबत!" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. तो मात्र हसत नव्हता.

परतताना माझ्या पाठीला गाल टेकवून त्याने सगळं सांगितलं. मंगळवारी तोंडी पाढे. अडकला की तास संपेपर्यंत उभं राहायचं. पोट्टे त्याला आता 'सतरा' म्हणूनच हाक मारतात. समोर बसवून मी दहा वेळा विचारलं होतं, तेव्हा तोंडातून शब्द निघाला नव्हता.

गड्या, सहा ते बाराचं वय आपण सोपं समजतो. जेवतो, शाळेत जातो, झालं. पण याच वयात पोरं स्वतःला दुसऱ्याशेजारी उभं करून मोजायला लागतात. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने या टप्प्यात एका बाजूला उद्यमशीलता आणि दुसऱ्या बाजूला न्यूनगंड ठेवला आहे. मला ते पुस्तकी वाटायचं. 'सतरा' ऐकल्यावर वाटेनासं झालं.

बाईंना भेटलो. मुलांच्या मानसिक छळाला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे, हे घोकून गेलो होतो, पण काढावं लागलं नाही. त्याच ओशाळल्या. आता पाढे जोडीने म्हणवतात. घरीही एक चूक सापडली: आमच्या टीव्हीपायी तो अकराला झोपायचा. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. आता साडेनऊला दिवा बंद, आमचाही. (सासूबाईंची मालिका बुडते, तो वेगळा महाभारताचा विषय.) संध्याकाळी तासभर मैदान, शिकवणी असो की नसो.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, चाक निखळलेला लाकडी नंदी फरफटत घरोघर फिरला, बोजारा (खाऊ-पैसे) गोळा केला. गेल्या मंगळवारी पोट थोडं दुखलंच, पण शाळेत गेला. सतरा आठावर अजून अडखळतो.

तू चिऊला समोर बसवू नकोस. गाडीवर मागे बसव, लांबच्या रस्त्याने ने, आणि तू बोलू नकोस. दोन-तीन आठवडे तसंच राहिलं, खाणं-झोप बिघडली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, मराठीतही बोलतात.

वहिनींना नमस्कार. संत्रा बर्फी कोणाच्या तरी हाती पाठवतो.

तुझा,
बाळ्या