ताई, तुम्ही मला बिल करायला शिकवलंत

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

पंप आणि मोटारींच्या देखभालीत १९ वर्षं काढून मी नोकरी सोडली, तेव्हा फोन रोज यायचे, पैसे येत नव्हते. "जरा एक विचारायचं होतं" म्हणून सुरू झालेलं बोलणं पाऊण तास चालायचं. एका कारखान्याने तर मी सांगितलेलं बिघाडाचं कारण जसंच्या तसं आपल्या अहवालात उतरवलं आणि नंतर माझा फोनही उचलला नाही.

हे सांगायला तुमच्याकडे आलो, तर तुम्ही वही पुढे सरकवलीत. महिन्याभरात कोणी काय विचारलं ते लिहायला लावलंत. २३ फोन निघाले, त्यातले १४ एकाच प्रश्नाचे: बदललेलं बेअरिंग (फिरता दांडा पेलणारं गोळ्यांचं कडं) पुन्हा पुन्हा का जातं?

"हे विकायचं," तुम्ही म्हणालात.

मला त्यात विकण्याजोगं काही दिसतच नव्हतं. उतरवलेलं बेअरिंग हातात घेतलं की कळतंच ना! गोळ्यांचा माग रिंगवर तिरका उमटला असेल तर बेअरिंग सरळ बसलेलं नाही. पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक आडव्या रेघा असतील तर बेअरिंगमधून वीज वाहतेय. निळसर झाक म्हणजे ते तापलंय, बरेचदा वंगणाअभावी. हे सगळ्यांना कळत नाही, हे मला तुमच्यामुळे कळलं.

त्यातूनच आपण सेवा बांधली: एक दिवसाची भेट, कंपनाची रीडिंग, अलाइनमेंटची (पंप आणि मोटार एका रेषेत आहेत का याची) तपासणी, जुन्या बेअरिंगचे फोटो, सात दिवसांत लेखी अहवाल. फी ठरलेली, निम्मी आगाऊ. खाली तुमच्या अक्षरातलं एक कलम, 'यात काय येत नाही': दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत, अहवालावर चर्चा एकदाच. त्या कलमाने माझे किती वाद वाचवले!

दरासाठी मी जुन्या पगाराला तासांनी भागत होतो. तुम्ही थांबवलंत. अमेरिकन बार असोसिएशनने १९५८ मध्ये वकिलांसाठी काढलेल्या पुस्तिकेतसुद्धा वर्षाला सुमारे १३०० तासच बिलाचे धरले होते, हे तुमच्याकडूनच समजलं. उरलेला वेळ चौकश्या, प्रवास आणि वसुलीत जातो, आणि तोही दरातूनच निघायला हवा. माझा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडला होता. तुम्ही बजावल्याप्रमाणे आकडा सांगून गप्प बसलो. समोरून "चालेल" आलं.

आता तंत्रज्ञांसाठी फोटोंसह तपासणी-तक्ताही केलाय. मी घरी असतो तेव्हाही तो विकला जातो.

तुम्ही घालून दिलेला एक अपवाद मात्र पाळतो: जिवाचा प्रश्न असेल तिथे फी नाही. मागच्या महिन्यात रात्री एका पोराचा फोन आला, चालू पंपाचं गार्ड (फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण) काढून आवाज ऐकू का म्हणून. आधी मशीन बंद करायला लावलं, वीज तोडून कुलूप घालेपर्यंत फोनवर थांबलो. त्याचं बिल केलं नाही, ताई.

आपला कृतज्ञ,
तुमचा विद्यार्थी