लाइट लावला का, बाई

बाई,

तुले बडनेऱ्याले गाडीत बसवून घरी यायले रात्रीचे साडेबारा झाले. आई जागीच होती, म्हणे रडली का पोरगी, मी म्हणलं नाही, खिडकीतून हात केला तिनं. एवढंच सांगितलं. हात करताना तुझ्या नखात झाडाच्या खोडाले लावतो त्या बोर्डो मलमाचं निळं दिसून राहिलं होतं ते नाही सांगितलं, सांगताना माझाच आवाज गेला असता.

फोनवर तू "बरी आहे बाबा" म्हणते अन् विषय तिथंच संपते, म्हणून हे टाइप करून राहिलो. आधीच सांगतो, लग्नाचं काही काढत नाही. मामा स्थळं पाठवते ती मी उघडूनही पाहत नाही. आई संक्रांतीपर्यंत गप राहतो म्हणाली आहे, तिच्यानं तेवढं होईल का माहीत नाही. मले एकच विचारायचं होतं, म्हणजे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारतो. सांजच्याला खोलीवर गेली की लाइट लावते का?

आठ दिवस तू इथं होती अन् मी पाहिलं ना. अंधार पडला तरी ओसरीत बाजेवर तशीच बसून राहायची, हातात मोबाइलही नाही, आईनं तुळशीपाशी दिवा लावला तरी तुझं लक्ष नाही. इथं आम्ही दोघं आहो, कोणी ना कोणी बटन दाबते. तिथं कोण आहे? 11 वर्षं रोज सांजच्याला त्याचा फोन यायचा, दिवाळीत घरी आली तरी तू फोन घेऊन माडीवर पळायची. आता तोच टाइम रिकामा. दिवसा ऑफिस असते, रात्री उशिरा का होईना झोप लागते, पण हा मधला तास माणसाले खाते. मी जाणतो हे.

2019 चा उन्हाळा आठवते ना. बोअर आटली, टँकर लावले तरी आपली 140 संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली, अठरा वर्षांची झाडं. वरूड-मोर्शीकडं त्या साली कोणाचा बगीचा वाचला होता म्हणा. शेवटी जेसीबी आणून उपटली. टँकर चालू होते तेव्हा तू पुण्यालेच होती, पण तो आलता. सुटी काढून चार दिवस माझ्यासोबत टँकरचा पाइप धरून उभा होता, उन्हानं मान भाजली होती पोराची. तोपर्यंत मी त्याच्याशी धड बोललोही नव्हतो. झाडं उपटल्यावर दोन महिने मी वावरात पाय नाही ठेवला. आईनं मग एक दिवस गाय दोहणं सोडलं, म्हणे माझे हात दुखतात, तुम्ही पाहा. आता गाय काय थांबते का कोणाच्या दुःखासाठी, बसलो बादली घेऊन. रोज सकाळी अन् रोज सांजच्याला. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते ना, तो टणटण आवाज येते, मग दूध साचत जाते तसतसा आवाज जाड होत जाते अन् वर फेस येते. पंधरा दिवसांत मी पाच वाजल्यापासून त्या आवाजाची वाट पाहायले लागलो. झाडं काही परत आली नाहीत, अजूनही त्या धुऱ्यावर गेलो की पोटात कालवते, पण दिवसातून दोनदा मले कुठंतरी वेळेवर जायचं होतं अन् तिथं गेलं की बरं वाटायचं. महिन्यानं पाहतो तर आईचे हात ठणठणीत.

तूही असं काहीतरी धर बाई. आईनं ज्वारीचं पीठ दिलं आहे, दोन भाकरी थाप, जवसाची चटणी आहेच सोबत, एकटीसाठी कशाले करू म्हणून बाहेरचं मागवत नको जाऊ. सकाळी फिरायले जा, सुटीच्या दिवशी पडद्यामागं लोळत नको राहू, ते जुने फोटो रात्री काढून पाहू नको, मैत्रिणी बोलावतात तर जात जा, घरी आल्या आल्या पहिले लाइट लाव अन्... झालं, सुरू झालो मी. माफ कर. आठ दिवस तोंड दाबून बसलो होतो, सगळं इथं निघून राहिलं.

एक गोष्ट तोंडावर नाही बोलता आली. तू 24 ची होती तेव्हा मी नाही म्हणलं, वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. तेव्हाच हो म्हणलं असतं तर? तुम्ही दोघं म्हणता की त्याचा संबंध नाही, आपसात समजून वेगळे झालो, मी मानतो, पण रात्री नाही मानल्या जात. अन् खरं सांगू, मलेही त्याची आठवण येते. पाऊस कधी येणार ते मले तोच पाठवायचा. नंबर अजून आहे फोनमध्ये. आईले सांगू नको.

आज तू पांढरं-निळं केलेली तीन झाडं पाहून आलो. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड झाल्यावर वाळल्या काड्यांची सल काढायले मजूर लावले तर तू कात्री घेऊन मागं मागं, म्हणे बाबा वाळलेलं ठीक आहे, सोबत हिरवं काऊन कापता? मी सांगितलं, नुसतं वाळलेलं कापलं तर फांदी खाली खाली वाळत येते, म्हणून बोटभर हिरवंही घ्या लागते. तू बराच वेळ त्या फांदीकडं पाहत होती. मग बोर्डो मलम कालवलं, दहा लिटर पाण्याले एक किलो मोरचूद अन् एक किलो चुना, त्यात जुना विळा बुडवून पाहिला तर पातं तांबूस झालं, चुना कमी होता, अन् तू लहानपणीसारखी ओरडली, "बाबा, तांब्याचा झाला!" अन् हसली. आठ दिवसांत तेवढी एकदाच. मग कुंचा घेऊन खोडं सारवत बसली ते आई जेवायले बोलावते तरी उठेना. लय चांगलं सारवलं तू, मजुरांनीही नाही सारवलं तसं.

काल मोटर दुरुस्तीवाल्याले विचारलं, पंपाले ऑटो स्विच असते तसं घरच्या लाइटले बसते का. म्हणे बसते, टाइम लावला की आपोआप लागते. घेऊन पाठवणार होतो, मग म्हणलं नको. आपोआप लागलेल्या लाइटवरून मले काय समजणार.

तिकडं पुण्याले अंधार आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा पडते. इथं लाइट लावला की मी मनात वीस मिनिटं मोजतो. फोन नाही करत, भिऊ नको.

नखातलं निळं साबणानं नाही जात. लिंबाची फोड घे, तिनं घास.

बाबा