पोती भरली, उचलायची कोणी?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात किनारा स्वच्छता मोहिमेचा चार कॉलमी फोटो पाहिला. पाहुण्यांची नावे बातमीत ओळीने आली आहेत आणि पोती भरणारी गावातली मुले ‘स्थानिक युवक’ या दोन शब्दांत आटोपली आहेत. मुलांना नावाची हौस नाही, ते राहू द्या. पण भरलेली पोती पुढे कुठे गेली, याबद्दल एक अक्षर नाही. याचा मात्र संताप आला.

आमच्या पुळणीवर काय झाले ते सांगतो. २० सप्टेंबर २०२५, शनिवार. किनारा स्वच्छता दिन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणून तोच दिवस धरला. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतो. अमावास्येला दुपारच्या सुमारास उधाण येणार, म्हणून टेम्पो शनिवारीच पाठवा, असे मुलांनी आयोजकांना आधीच विनवले होते. ‘सोमवारी येईल,’ एवढेच उत्तर मिळाले. फोटो झाले, गाड्या गेल्या. मुलांनी जमेल तेवढी पोती सुरूच्या बनापर्यंत ओढली. उरलेली रविवारच्या भरतीने फोडली आणि सगळा माल परत पाण्यात गेला.

त्यात जाळी होती, त्याचे जास्त वाईट वाटते. वाळूत रुतलेले नायलॉनचे जाळे नुसते ओढून निघत नाही. चहूबाजूंनी उकरायचे, कोयत्याने तुकडे करायचे, तळहात सोलवटून निघतात. अशाच जाळ्यांत अडकून पावसाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे किनाऱ्याला लागतात. मागे एकीचा पुढचा पाय आमच्या मुलांनी सोडवला. दोरी हाडापर्यंत गेली होती आणि जखमेत वाळू भरली होती. ज्यांनी ते पाहिले, त्यांनीच ही जाळी उपसली होती हो! त्यांना आता पुढच्या मोहिमेला कोणत्या तोंडाने बोलवायचे?

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची घरटी राखली. तिथे माणसे पहाटे अंधारात पुळण चालत राहिली, सगळा हंगाम, म्हणून ते काम उभे राहिले. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. ही २०१८ ची योजना फार चांगली आहे. मग किनाऱ्यावर गोळा केलेली जाळी हलवायला टेम्पोचे भाडे का मिळू नये? फलक आणि टोप्यांना पैसे निघतात. ज्यांना मोहीम काढायची आहे, त्यांनी आधी टेम्पो ठरवावा आणि मग तारीख. आपल्या वार्ताहरांनीही दोन दिवसांनी त्याच किनाऱ्यावर पुन्हा एक फेरी मारावी, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. आपल्या अंकात पंचांगाशेजारी भरती-ओहोटीच्या वेळा येत असत, त्या बंद का केल्या? होडीवाले, कालवे काढणाऱ्या बायका, सगळे त्या पाहत. शहरात बसून मोहिमेची तारीख ठरवणाऱ्यांच्याही नजरेला पडल्या असत्या. कृपया त्या पुन्हा छापाव्यात.

आपला,
एक जुना वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी