वस्ती बघायची तर दारापुढे बघा

निवासी वस्त्यांची तुलना निघाली की चर्चा इमारतींची उंची आणि रंगरूप यांतच अडकते. माझ्या मते खरा फरक घराचे दार आणि रस्ता यांमधल्या चार पावलांत असतो. टोकियोच्या साध्या गल्ल्या घ्या. रस्ता अरुंद, वेगळा पदपथ बहुधा नसतोच, तरी चालणारा निर्धास्त असतो. तिथे मोटार घ्यायची तर ती ठेवायला जागा आहे हे आधी दाखवावे लागते आणि रात्रभर ती रस्त्यावर ठेवता येत नाही. म्हणून गल्ली मोकळी राहते. दारापुढे कुंड्यांची रांग, भिंतीला टेकवलेली सायकल, एवढेच.

बार्सिलोनात नगररचनाकार इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यातील वस्तीत इमारतींचे कोपरे तिरके छाटलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक चौक ऐसपैस झाला, उजेड आला. इमारतींच्या मधोमध त्यांनी बागा योजल्या होत्या, त्या मात्र पुढच्या बांधकामांनी गिळल्या. याची फार हळहळ वाटते.

याउलट अमेरिकेतील अनेक उपनगरांत घरे देखणी, पुढे हिरवळ. पण घरांच्या मध्ये दुकानाला परवानगी नाही. किरकोळ खरेदीलाही मोटार काढावी लागते आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही.

नव्या वसाहतींचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी सदनिका किती हे जरूर मोजावे. पण तळमजल्यावर काय असेल आणि गाड्या कुठे उभ्या राहतील, हे आधी विचारावे.

– एक वाचक